त्या दिवशी मी गाडी परत पाठवली

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, माहेरी अक्काला नाही. देवापुढेही नाही — त्याला माहीत असणारच, आणि त्याने आपणहून कधी विषय काढला नाही, मग मी कशाला काढू? तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या बेंगळूरला जे. पी. नगरच्या भाजीवाल्यापाशी तुमची-माझी गाठ पडली, तरी मी वांगी निवडत असेन आणि तुम्हाला काही कळणार नाही.

आधीच बजावते — रडगाणं ऐकायला बसला असाल तर उठा. मला काही फार पश्चात्ताप वगैरे झालेला नाही. म्हणजे — झाला आहे, पण ज्याचा व्हायला हवा असं तुम्हाला वाटेल त्याचा नाही. ते पुढे येईलच. घाई करू नका, मलाही ते एकदम तोंडातून काढता येत नाही.

गोष्ट एका भाड्याच्या गाडीची आहे. परदेशात, मॉरिशसला, आम्ही गाडी आणि ड्रायव्हर ठरवून फिरलो त्याची. नव्वदीतली. तेव्हा परदेशी जाणं म्हणजे आल्यावर शेजारीपाजारी फोटो दाखवायला बोलवायचे दिवस. माझा नवरा शरद एका कंपनीत मोठ्या पदावर चढला होता आणि त्याला आईला विमानात बसवायचं होतं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. आणि सासूबाई म्हणजे — थांबा, त्यांच्याबद्दल सरळ सांगायला हवं, नाहीतर मी लबाडी करते आहे असं व्हायचं.

सासूबाई पुण्याच्या. मुलींच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. सासरे गेल्यावर आमच्याकडे बेंगळूरला आल्या. वागायला कडक, पण वाईट नव्हत्या. माझ्या बाळंतपणात त्यांनी सगळं हाताने केलं, मला टायफॉइड झाला तेव्हा रात्र-रात्र उशाशी बसल्या. हे सगळं खरं. पण त्यांच्यासमोर मी तोंड उघडलं की त्यांची भुवई वर जायची, हेही तितकंच खरं.

आमचं माहेरचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षं बेंगळूरचं. कुठल्याशा राजाच्या फौजेबरोबर आलो आणि राहिलो, असं अण्णा — माझे वडील — सांगायचे. चिकपेटेत त्यांचं साड्यांचं घाऊक दुकान होतं. दुकानात कन्नड, गिऱ्हाईक बघून तेलुगू, हिशेबाला इंग्रजी, आणि घरी मराठी. पण कसली मराठी? थोडं म्हणायला 'स्वल्प', ठीक म्हणायला 'सरी', भाजीला 'पल्य', आणि रोजच्या आमटीच्या जागी 'सारू'. आम्हाला ती मराठीच वाटायची. आई त्याच भाषेत रागवायची, त्याच भाषेत देवाला हात जोडायची. लग्न होऊन सासरी आले तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण बोलतो ते चूक आहे.

सासूबाईंनी ती चूक सुधारायचं मनावर घेतलं. शिक्षिकाच त्या! मी 'स्वल्प थांबा' म्हटलं की स्वयंपाकघरातून आवाज — "थोडं!" मी 'सरी' म्हटलं की — "बरं!" पाहुण्यांसमोर ओळख करून देताना हसत म्हणायच्या, "ही आमची सून. कानडी मराठी बोलते, पण सुगरण आहे हो!" सगळे हसायचे. मीही हसायची. तुम्ही काय केलं असतं?

आता तुम्ही वाचता आहात ती मराठी बघा. कुठे कानडी लागते आहे का? नाही ना? ती त्यांचीच देणगी. घासून-पुसून स्वच्छ केलं त्यांनी मला. आभार मानायला हवेत, नाही का? मी मानत नाही.

हे सगळं मी गिळलंच असतं. बायका काय-काय गिळतात. पण माझी मुलगी नंदिनी बोलायला लागली, आणि अर्थातच माझ्यासारखी बोलायला लागली. सासूबाईंनी तिला मांडीवर घेऊन शिकवायला सुरुवात केली. एक दिवस मी तिला भात भरवत होते. म्हटलं, "स्वल्प खा गं." तिने तोंड मिटलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, तू चुकीचं बोलतेस. आजी म्हणते, तुझ्यासारखं बोलायचं नाही." एवढंसं पोर. मी ताट उचललं आणि मोरीपाशी जाऊन उभी राहिले. त्या दिवसापासून माझ्या मनात सासूबाईंसाठी जे काही होतं त्याला राग म्हणणंही कमीच. राग येतो-जातो. हे बसून राहिलं.

तर मॉरिशस. बसने गावभर फिरवणारी सहल सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. शिवाय त्यांना वेळेवर चहा लागायचा, वाटेत थांबायला लागायचं. म्हणून मी म्हटलं, आपण स्वतंत्र गाडी ठरवू, ड्रायव्हरसकट, सगळे दिवस. नंदिनीला माहेरी अक्काकडे ठेवायचं ठरलं. गाडीचं सगळं मीच बघितलं. आमच्या बेंगळूरच्या शिवाजीनगरात बस स्टँडमागे एका जिन्यावर एका एजंटाचं ऑफिस होतं. खाली वर्कशॉपमध्ये ठोकाठोक चाललेली, वर पंख्याखाली फॅक्सचं यंत्र. तिथे मी माझं ऑफिस सुटल्यावर चार खेपा घातल्या. तिकडच्या गाडीवाल्याला काय-काय हवं ते फॅक्सने कळवत गेले — शाकाहारी जेवणाची जागा माहीत असलेला ड्रायव्हर, गाडीत चढायला फार उंच पायरी नको, वगैरे. शेवटच्या खेपेला एजंट खूश होऊन म्हणाला, "मेडम, मराठी ड्रायव्हर इद्दारे!" मराठी ड्रायव्हर आहे म्हणे तिथे.

मला तोवर माहीतच नव्हतं की मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत. दीडेकशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून कोकणातून जहाजाने गेलेली, तिथलीच होऊन गेलेली. मी लगेच म्हटलं, तोच द्या. का? सासूबाई खूश होतील म्हणून. हो, त्यांच्यासाठीच! आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

ड्रायव्हरचं नाव लक्ष्मण. पंचेचाळिशीचा, उन्हाने रापलेला, पांढरा शर्ट, पांढरी छोटी जपानी गाडी, समोर काचेशी चिकटवलेला गणपती. विमानतळावर त्याने हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार. आमी पन मराठी." सासूबाई तिथल्या तिथे विरघळल्या.

त्याची मराठी — कशी सांगू? अर्धी कोकणातली, तीही जुनी, झिजलेली. मध्येच तिथली क्रिओल भाषा, जी मला फ्रेंचसारखी वाटायची. 'हो' म्हणायला तो 'वी' म्हणायचा. शब्द सापडला नाही की हिंदी लावायचा, तेही नाही तर इंग्रजी. "वी वी मावशी, हितनं समुद्र बराबर दिसते," असं काहीतरी. आणि सासूबाई? एकदाही भुवई वर गेली नाही. "किती गोड बोलता हो तुम्ही! किती जपलंय! समुद्रापलीकडे इतकी वर्षं — आणि तरी मराठी!" डोळ्यांत पाणी. खरं पाणी, हं. खोटं नव्हतं ते.

मी मागे त्यांच्या शेजारी बसलेली. नवरा पुढे, कॅमेरा मांडीवर घेऊन डुलक्या काढत. खिडकीबाहेर ऊसच ऊस. आणि मी हिशेब करत होते — दीडशे वर्षं लांब राहून याची मराठी मिसळली तर ते जपणं. साडेतीनशे वर्षं लांब राहून आमची मिसळली तर ती बिघडली? हा परका, म्हणून गोड. आणि मी घरची, म्हणून चूक? सांगा ना, कुठला न्याय?

असे दिवस गेले. लक्ष्मण सकाळी गाडी घेऊन यायचा, संध्याकाळी सोडायचा, आणि उद्याचं काय ते मला विचारायचा, कारण ठरवाठरव माझी होती. तो माझ्याशीही बोलायचा, बरं का. मी त्याच्याशी बोलताना मुद्दाम माझंच बोलायची — सासूबाईंच्या नाकावर टिच्चून. "स्वल्प हळू चालवा, लक्ष्मण." तो मान डोलवायचा आणि हसायचा. सासूबाई खिडकीबाहेर बघायच्या. परक्यासमोर सुनेला टोकायचं नाही एवढा पोच त्यांना होता.

एका दुपारी गाडी चालवता-चालवता त्याने त्याच्या पणजोबाची गोष्ट सांगितली. कोकणातल्या त्या गावात पणजोबाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. कुणीतरी वरून ओंजळीत ओतायचं तेव्हा प्यायचा. मग मजूर भरती करणारे आले, तो जहाजावर चढला, आणि जहाजावर सगळ्यांना एकाच पिंपातलं पाणी. "मग पनजोबा बोलला, आता मागे नाय जायचं!" असं म्हणून लक्ष्मण मोठ्याने हसला. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट ती, हसतच सांगायची असावी. सासूबाई हसल्या नाहीत. पुढे वाकून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लाज वाटते हो आम्हाला." मनापासून म्हणाल्या. त्या बाबतीत त्या चोख होत्या. सोवळंओवळं त्यांनी तरुणपणीच टाकलं होतं. शिवाजीनगरच्या बेकरीतले अंड्याचे पफ त्या माझ्याआधी संपवायच्या. त्यांचे दोष काढायला बसले तर मला संध्याकाळ पुरायची नाही, पण हा दोष त्यांच्यात नव्हता. हे लक्षात ठेवा. मला तर ते चांगलंच माहीत होतं.

मग लक्ष्मणने बोलावणं केलं. त्याची आई म्हातारी, घराबाहेर पडत नव्हती. मराठी देशातून माणसं आली आहेत हे तिला त्याने सांगितलं होतं. ती म्हणाली होती, एक दिवस जेवायला आण. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी जायचं ठरलं. केळीच्या पानावर वाढणार, त्याची बायको आणि बहिणी मिळून सगळं करणार, आईने स्वतः पुरण घालायचं ठरवलं होतं — तिला एवढा एकच पदार्थ तिच्या आजीच्या हातचा आठवत होता. सासूबाईंचा आनंद गगनात मावेना. नवी कोरी इरकली साडी, जी त्यांनी स्वतःसाठी अण्णांच्या दुकानातून घेतली होती, ती त्या म्हातारीला द्यायची असं ठरवून टाकलं. मलाही वाटलं, चला, बरं होईल. खरंच वाटलं. तोपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं, हे तुम्ही मानलं नाही तरी चालेल.

आदल्या संध्याकाळी मी खोलीत सासूबाईंची नेसायची साडी इस्त्री करत होते. त्या पलंगावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. सहज, अगदी सहज, मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाल्या, "आणि हे बघ, उद्या तिथे तू जरा कमीच बोल. त्या बिचाऱ्यांच्या कानावर एकदा तरी शुद्ध मराठी पडू दे."

मी "बरं" म्हटलं. 'सरी' नाही म्हटलं. बरं.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? हो, एवढ्यावरूनच. बारा वर्षांच्या संसारात माणूस कशावरून पेटेल त्याचा काही नेम असतो का? त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर मी ओरडले असते आणि विषय संपला असता. पण मला गप्प बसवणं त्यांना इतकं साधं वाटत होतं की त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही. मी साडीची घडी केली. मला झोप आली, चांगली आली. सकाळी उठले तेव्हा काय करायचं ते ठरलेलं होतं.

लक्ष्मण ठरल्या वेळेच्या आधीच आला होता. गाडी धुतलेली, गणपतीला ताजं फूल. त्याने त्या दिवशी इस्त्रीची पँट घातली होती. मी एकटीच खाली गेले.

मी म्हटलं, आज गाडी नको. त्याला वाटलं, कुणी आजारी आहे. मी म्हटलं, नाही. सासूबाईंना तुमच्या घरचं चालत नाही. त्या जुन्या वळणाच्या आहेत. तुम्हाला तोंडावर सांगता येईना, म्हणून मला पाठवलं.

मला ठाऊक होतं कुठे मारायचं. ती पणजोबाची गोष्ट मी त्याच गाडीत, त्याच्याच मागे बसून ऐकली होती. दुसरं कुठलंही खोटं चाललं असतं — ताप आला म्हणता आलं असतं, नवऱ्याला काम निघालं म्हणता आलं असतं. पण मला नुसतं जाणं रद्द करायचं नव्हतं. मला सासूबाईंना त्याच्या मनातून उतरवायचं होतं. ते 'किती गोड, किती गोड' — ते पुन्हा कधी ऐकू येऊ नये असं करायचं होतं.

त्याने गाडीच्या दाराला हात टेकला. मग विचारलं, "पानी पन नाय?"

तिथे मला थांबता आलं असतं. नाही का? तेवढी एक फट त्याने ठेवली होती. पाणी चालेल म्हटलं असतं, तरी त्याने आम्हाला नेलं असतं, पाणी देऊन परत आणलं असतं.

मी म्हटलं, "पाणी पण नाही."

त्याने मान हलवली. रागावला नाही. मला अजून वाटतं, रागावला असता तर मी कदाचित खरं बोलून गेले असते. पण त्याचा विश्वास बसला होता. लगेच बसला. दीडशे वर्षं हेच वाक्य कधीतरी येणार म्हणून घरात सगळे धरूनच बसले असावेत.

खोटं बोलायचं तर चारी बाजूंनी कुंपण घालावं लागतं. त्याला सांगितलं, हे त्यांच्याजवळ काढू नका, त्यांना अवघडल्यासारखं होईल. वर जाऊन सासूबाईंना सांगितलं, लक्ष्मणच्या मालकाने त्याला दुसऱ्या कामावर पाठवलं, गाडी येणार नाही, आणि भेटला तरी विचारू नका, नोकरीचा प्रश्न आहे बिचाऱ्याच्या. नवरा म्हणाला, "अरेरे," आणि समुद्रावर फिरायला गेला. तो जन्मभर 'अरेरे' म्हणत समुद्रावर जाणाराच माणूस आहे.

सासूबाई मात्र तयार होऊन बसलेल्या. अंबाड्यात तिथलंच कुठलंसं पांढरं फूल, हातात पिशवी, पिशवीत ती इरकली. म्हणाल्या, "काम आटोपून येईल गं तो. असा शब्द मोडणारा नाही." व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या. रस्त्यावर पांढरी गाडी दिसली की मान पुढे करायच्या. मी त्यांच्यासमोर मासिक वाचत बसले. जेवणाची वेळ टळली. चहाची झाली. त्या बसूनच. शेवटी फूल काढून कठड्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "चल, आत जाऊ."

मला वाईट वाटलं का, असं विचाराल. नाही वाटलं. बरं वाटलं! माझी मुलगी माझ्यासमोर तोंड मिटून बसली होती ना — तसंच यांनाही एकदा कुणीतरी दारातून परत फिरवलं, असं वाटलं. लिहिताना मला सोज्ज्वळ होता येईल, पण मी होणार नाही. त्या दिवशी रात्री मी पोटभर जेवले.

आता त्यांच्याबद्दलचं उरलेलंही सांगून टाकते. बेंगळूरला परत आल्यावर फोटो बघायला कुणी आलं की त्या म्हणायच्या, "ड्रायव्हर मराठी होता. बोलायला गोड, पण शब्दाला पक्का नाही." त्याच शब्दांत, दर वेळी. मी चहा द्यायची. इरकली कपाटात राहिली, पुढे मला दिली. मी नेसले, अक्काच्या मुलाच्या लग्नात नेसले, सगळ्यांनी छान म्हटलं. मला टोकणं त्यांनी सोडलं नाही, पण मीही दबणं सोडलं होतं. 'स्वल्प' म्हणायचं तिथे 'स्वल्प'च म्हणायला लागले, मोठ्याने. नंदिनीही आता दोन्ही बोलते. सासूबाई गेल्या त्या माझ्या हातून पाणी पिऊन. त्यांचं सगळं मी केलं, काही कमी पडू दिलं नाही, आणि मरेपर्यंत त्यांना खरं सांगितलं नाही. त्यांच्यासमोर मी मान खाली घालून उभी राहणार नाही. आजही नाही. त्यांनी माझं तोंड बंद केलं, मी त्यांची वाट बंद केली. फिट्टंफाट.

इथे थांबता आलं असतं. बघा, किती ऐटीत संपलं असतं. पण मग हे सांगायला बसायची गरजच काय होती?

निघायच्या दिवशी विमानतळावर सोडायला लक्ष्मणच आला. पांढरा शर्ट तोच. आमच्याशी इंग्रजीत बोलला. "गुड मॉर्निंग, मॅडम." सासूबाईंनी मराठीत काहीतरी विचारलं, बहुतेक हवेबद्दल, त्याने इंग्रजीत उत्तर दिलं. मग त्याही बोलल्या नाहीत. त्यांना वाटत होतं, याने फसवलं. त्याला वाटत होतं, यांनी विटाळ मानला. दोघंही सभ्य माणसं, दोघंही गप्प. सगळं खरं जाणणारी मी मधोमध, खिडकीबाहेर ऊस बघत.

विमानतळावर त्याने सामान उतरवलं. सासूबाईंनी ती पिशवी पुढे केली, आईंना द्या म्हणून. तो मागे सरला. "नो, मॅडम. थँक यू." त्यांचा हात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं. मग नवरा त्यांना हाताला धरून आत घेऊन गेला, आणि मी शेवटची बॅग घ्यायला मागे राहिले.

लक्ष्मणने बॅग माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. आणि पुन्हा मराठीत बोलला, त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं.

"मावशीचं कळलं," तो म्हणाला. "जुनी मानसं. पन ताई, तुमी एकटी तरी यायचं. आई मावशीला भीत होती. ती शाळेतली बाय, तिच्यापुढे आमचं तुटकं कसं बोलायचं? म्हनून मी आईला बोललो, सून पन येते, बेंगळूरची. ती आमच्यासारखीच मिसळून बोलते. तवा आई बोलली, मग तिला माज्या बाजूला बसव. तिच्याशी मी बोलीन."

त्याने बॅग सोडली, हात जोडले आणि गाडीत बसला.

त्या म्हातारीने पुरण घातलं होतं. पान मांडलं होतं, आणि शेजारची जागा माझ्यासाठी ठेवली होती. माझ्या मिसळलेल्या भाषेमुळेच माझ्याशी न बिचकता बोलायला बसलेलं जगात एक माणूस होतं, आणि त्याच्या घरचं पाणी चालत नाही हे मी माझ्या तोंडाने सांगून आले होते. ते वाक्य सासूबाईंचं नव्हतं, कधीच नव्हतं. ते माझं आहे.